तिने परक्यांना का सांगितले?

“घरात आम्ही तिघे असताना हिने हे परक्या माणसांना का सांगितले?” असे विचारत एक आई माझ्यासमोर बसल्या होत्या. त्यांची २३ वर्षांची मुलगी अनेक रात्री इंटरनेटवर अनोळखी लोकांशी मरणाविषयी बोलत होती, आणि तो मजकूर योगायोगाने धाकट्या भावाच्या नजरेस पडला होता. त्यांनी तिचा फोन काढून घेतला होता. भीती किती आणि दुखावलेपण किती, हे त्यांना स्वतःलाही वेगळे करता येत नव्हते. (ओळख पटू नये म्हणून येथे तपशील बदलले आहेत.)

हाच प्रश्न मला पतींनी, भावांनी, जिवलग मित्रांनीही विचारला आहे. जवळचे असूनही आपल्याला वगळले गेले, याची बोच त्यामागे असते. पण जर्मन समाजशास्त्रज्ञ गेऑर्ग झिमेल यांनी १९०८ मध्येच नोंदवले होते की, जवळच्यांपासून जपून ठेवलेल्या गोष्टी माणूस परक्यापाशी कबुलीजबाबासारख्या मोकळेपणाने बोलतो. १९५३ मध्ये चॅड वारा या धर्मगुरूंनी लंडनमध्ये आत्महत्येच्या विचारांत असलेल्यांसाठी सुरू केलेली दूरध्वनी सेवाही याच जाणिवेवर उभी राहिली. तेथे ऐकणारा अनोळखीच असे.

मुलीने मला त्याचे कारण एका वाक्यात सांगितले : “आईला सांगितले असते, तर मला आधी तिलाच सावरावे लागले असते.”

मी तिला थेट विचारले, “जीव देण्याचा विचार मनात येतो का? कधीपासून? काही ठरवले आहे का?” असे विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरेल, ही भीती सर्वत्र आढळते, परंतु न्यूयॉर्क राज्यातील २,३४२ शालेय विद्यार्थ्यांवर झालेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असा दुष्परिणाम दिसला नाही. तिचे खांदे सैलावले. मग ती बराच वेळ बोलली.

तिने पहिल्या रात्री लिहिलेले वाक्य होते, “कोणी जागे आहे का?” मला ते फार महत्त्वाचे वाटते, कारण मरणाची ओढ आणि जगण्याची इच्छा एकाच मनात एकाच वेळी नांदू शकतात आणि हा प्रश्न जगू पाहणाऱ्या बाजूने विचारलेला होता. आईंना मी हेच समजावले, आणि फोन परत देऊन मजकूर वाचल्याचे मुलीला प्रामाणिकपणे सांगण्यास सुचवले. फोन हिरावला, तर मध्यरात्री आधार शोधण्याची तिची एकमेव वाट बंद होते, आणि पुढच्या वेळी ती अधिक लपून बोलते.

तरीही परक्यांवर सारा भार टाकता येत नाही. तिला उत्तर देणाऱ्यांपैकी एक बाई रात्रभर धीर देत राहिल्या. दुसऱ्या कोणीतरी मात्र तिच्या निराशेलाच दुजोरा दिला, आणि ते वाचून तिची ती रात्र अधिक कठीण गेली. शिवाय कितीही भला असला तरी परका माणूस दार वाजवू शकत नाही, घातक वस्तू घरातून हलवू शकत नाही, दवाखान्यात सोबत येऊ शकत नाही.

म्हणून त्याच दिवशी तिची मनोविकारतज्ज्ञांकडे भेट ठरवली आणि आम्ही एका कागदावर सुरक्षिततेची योजना लिहिली : विचार वाढू लागल्याची तिची स्वतःची लक्षणे, तेव्हा ती एकटीने काय करील, कोणाजवळ जाऊन बसेल, हेल्पलाइनचा आणि तातडीच्या मदतीचा क्रमांक, आणि कोणत्या वस्तू आईंच्या ताब्यात राहतील. त्या अनोळखी बाईंचे नाव तिला यादीत हवे होते. मी ते खोडले नाही. त्याच्या वर मात्र मावशीचे नाव आले, कारण मावशी अर्ध्या तासात पोहोचू शकत होती. आईंचे नाव तिने कोठेच लिहिले नाही, आणि मीही आग्रह धरला नाही.

आईंना मी एकच काम दिले : रोज थोडा वेळ, सल्ला न देता, “तुला काय कमी आहे?” असे न विचारता, फक्त ऐकायचे. त्यांना ते फार जड गेले.

सहाव्या आठवड्यात त्या सांगू लागल्या की, आदल्या रात्री दोन वाजता मुलीने त्यांना उठवले आणि म्हणाली, “बोलू नकोस, नुसती बस.” त्या उजाडेपर्यंत बसून राहिल्या. “मी काहीच बोलले नाही,” त्यांनी मला काळजीने विचारले, “चालते ना?”