माजी सैनिकांच्या मानसिक आरोग्याबद्दल नर्सेसना नेमकं काय शिकवायला हवं?

तुमचा प्रश्न माझ्या रोजच्या कामाचा आहे. मी साताऱ्यात नर्सिंगच्या मुलामुलींना मानसोपचार हा विषय शिकवते.

हे प्रशिक्षण आधी जनरल वॉर्डच्या सिस्टरांना द्या. पहिल्या महायुद्धात ज्या अपशिंग्याचे ४६ जवान कामी आले, त्या गावाचा हा जिल्हा. इथे फौजी सगळ्या वॉर्डांत भेटतो, फक्त मानसोपचाराच्या ओपीडीची पायरी चढत नाही. ‘वेड्याच्या डॉक्टरकडे गेला’ हे गावभर व्हायला वेळ लागत नाही. तो येतो बीपीसाठी, हर्नियासाठी, मोडलेल्या पायासाठी.

सगळ्यात जास्त वेळ दारूवर घालवावा असं माझं मत आहे. ऑपरेशनसाठी दाखल झालेला, अगदी शिस्तीचा माणूस दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हातापायांना कापरं भरून, घामाघूम होऊन सलाईन उपसायला लागतो, भिंतीवर नसलेलं काहीतरी दाखवतो. वॉर्डात सगळे म्हणतात, ‘मेजर त्रास देताहेत’, आणि हात बांधले जातात. खरं तर रोजची दारू एकदम तुटल्यामुळे हे होतं आणि वेळेत उपचार नसतील तर जिवावर बेततं. म्हणून दाखल करतानाच ‘रोज घेता का, शेवटची कधी घेतली?’ हे औषधांच्या ॲलर्जीइतक्याच सहजपणे विचारायची आणि उत्तर डॉक्टरांच्या कानावर घालायची सवय लावावी. थायमिन (ब१ जीवनसत्त्व) ग्लुकोजच्या आधी का देतात, हेही तेव्हाच समजावावं.

रात्रपाळीचं एक साधं कौशल्य आहे. झोपलेल्या फौजीला खांदा हलवून उठवू नका. पायथ्याशी उभं राहून नावानं हाक मारा, तो जागा झाला की मग बीपीचा पट्टा बांधा. वाईट स्वप्नांतून दचकून उठणारा माणूस हात उगारतो तेव्हा समोर सिस्टर आहे हे त्याला कळलेलं नसतं.

‘मरून जावं असं मनात येतं का?’ हा प्रश्न मुलींच्या तोंडून निघत नाही. विचारलं तर डोक्यात भरेल, ही भीती असते. विचारल्यानं तो विचार पेरला जात नाही, हे पटवून द्यायला लागतं आणि एकमेकींवर मोठ्यानं सराव करून घ्यायला लागतो. पुढचा प्रश्न, घरात बंदूक आहे का? बरेच माजी सैनिक बँकेत गार्ड असतात, लायसन्सची बारा बोअर घरीच असते. धोका वाटला तर ती काही दिवस दुसरीकडे कशी ठेवायची, हे डॉक्टरांनी आणि घरच्यांनी मिळून ठरवावं लागतं. घरच्यांशी, विशेषतः बायकोशी, पेशंटला विचारून वेगळं बोलावं. झोपेचं खरं चित्र तिलाच माहीत असतं.

आणि प्रत्येक फौजीला युद्धाचा धक्का बसलाय असं धरून चालू नका. अनेक जण चाळिशीच्या आसपास घरी येतात. पलटण सुटलेली, पोरं शिकताहेत, भावकीत जमिनीचा वाद, आणि गावात बोलायला माणूस नाही. हे पुस्तकातून शिकवता येत नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला विनंती करून दोन-तीन निवृत्त सुभेदार आणि एखादी फौजीची बायको वर्गात बोलवा, मुलींना त्यांची मुलाखत घेऊ द्या. चुकीचा प्रश्न कुठला ते तेच सांगतील.

डिस्चार्ज कार्डावर टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, १४४१६ नंबर लिहून द्यायला सांगा. फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं आणि गावात कुणाला कळत नाही.