वाचकांचे प्रश्न: खडकात हीटर सोडून तेल कसं काढतात?

प्रश्न: माझं बोअरच्या मोटारी रिवाइंडिंगचं दुकान आहे. परदेशात जमिनीत विजेचे हीटर सोडून दगडातून तेल काढतात, असं वाचलं. एवढ्या खोलात हीटर टिकतो कसा? आणि जळतो तो कशानं?
— एक वाचक, तासगाव

उत्तर: तो दगड म्हणजे ऑइल शेल. त्यात आयतं तेल नसतं, केरोजेन नावाचा घट्ट सेंद्रिय पदार्थ असतो. दगड सावकाश 340 ते 370 अंश सेल्सिअसपर्यंत नेला की केरोजेन फुटून तेल आणि वायू सुटतात, ते शेजारच्या विहिरीतून वर घेतात. स्वीडनमध्ये क्वार्नटॉर्पला 1940 च्या दशकात फ्रेड्रिक ल्युंगस्ट्रॉम यांच्या पद्धतीनं हे काम झालं. तिथं हीटर सोडायची भोकं षट्कोनात, 2.2 मीटर अंतरावर होती.

अंतर इतकं कमी का, यातच सगळी मेख आहे. खडकातून उष्णता फार हळू सरकते. अंतर दुप्पट केलं की वेळ चौपट लागतो. भोकं जवळ घेतली तर ड्रिलिंगचा खर्च वाढतो, लांब घेतली तर वर्षानुवर्षं तापवत बसावं लागतं.

आता हीटर. घरातली पाणी तापवायची रॉड कापून बघा. मधे निक्रोमची तार, भोवती पांढरी पूड आणि बाहेर धातूची नळी. ती पूड मॅग्नेशियम ऑक्साइडची. ती उष्णता जाऊ देते, वीज अडवते. खोल भोकातल्या हीटरची रचनाही मुळात हीच, फक्त लांबी शेकडो मीटर. ही पूड हवेतली ओल ओढते. टोक उघडं राहिलं की मेगरचं, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या मीटरचं, रीडिंग पडतं. असा ओल धरलेला हीटर वाळवताना टोकापासून थोडं मागं ज्योतीनं तापवायला सुरुवात करतात आणि ज्योत टोकाकडे नेतात. उलट केलं तर ओल आणखी आत ढकलली जाते. वाळल्यावर लगेच सील करायचं. शिवाय थंड असताना मेगर चांगला दाखवला म्हणून निर्धास्त होऊ नये, तापल्यावर या पुडीचा रोध बराच उतरतो.

जळण्याचं मोठं कारण मात्र वेगळं आहे. निक्रोमची तार प्रत्येक मीटरला जवळपास तेवढेच वॉट देत राहते. खडकाचा एखादा थर उष्णता कमी ओढणारा निघाला की तेवढ्याच जागी नळी लाल होते आणि तिथंच तुटते. तापून फुगलेला खडकही भोक आवळतो. यावरचा तोडगा आम्हाला फार आवडतो: वाहक लोखंडासारख्या चुंबकीय धातूचा घ्यायचा. एसी करंट त्याच्या कातडीतूनच, म्हणजे पृष्ठभागाजवळच्या पातळ थरातूनच वाहतो, म्हणून रोध जास्त. ठरावीक तापमानाला, शुद्ध लोखंडात 770 अंशांना, चुंबकत्व जातं, करंट पूर्ण जाडीत पसरतो आणि रोध उतरतो. करंट स्थिर ठेवला असेल तर त्या तुकड्यापुरती उष्णता आपोआप कमी होते. थर्मोस्टॅट लागत नाही.

विजेचा हिशेब करून बघा. एक घनमीटर ऑइल शेल म्हणजे साधारण 2.1 टन. तो 20 वरून 350 अंशांवर न्यायला सुमारे 190 युनिट लागतात, म्हणजे 2 किलोवॉटचा गिझर सलग चार दिवस. चांगल्या दगडातून टनाला 100 लिटरच्या आसपास तेल निघतं, जमिनीत त्याहून कमी हाती येतं. भूजल आत झिरपलं तर उष्णता त्याची वाफ करण्यातच जाते. म्हणून अमेरिकेत कोलोरॅडोत शेल या तेल कंपनीनं भोवती भोकांचं कडं करून, त्यात अतिथंड द्रव फिरवून जमीन गोठवण्याचीही चाचणी घेतली. तिथल्या तापवण्याच्या प्रयोगात 1,700 पिंपांच्या आसपास हलकं तेल निघालं. तरी 2013 मध्ये कंपनीनं तिथलं काम थांबवलं.

प्रश्न: आमच्या बोअरच्या पाण्यावर तेलकट तवंग येतो. खाली तेल असेल का?
— एक वाचक, कराड

उत्तर: नाही. तवंगाला काडीनं डिवचा. काचेसारखे तुकडे होऊन वेगळे राहिले तर तो लोहजिवाणूंचा थर. फाटून लगेच पुन्हा जुळला तर तेल, पण ते बहुतेक तुमच्या तेलभरल्या मोटारीचं सील गेल्यामुळे आलेलं. मोटार वर काढा आणि तोवर ते पाणी पिऊ नका.

खनिज तेलाला गाळाचे थर लागतात. कोयनेच्या भूकंप संशोधनासाठी घेतलेल्या भोकांमध्ये काळ्या पाषाणाची जाडी रासाटीला सुमारे 930 मीटर आणि गोठण्याला सुमारे 1,250 मीटर भरली. त्याखाली थेट ग्रॅनाइट-नाइस लागला, मधे गाळाचा खडक नाही.

प्रश्न: भारतात असं विजेनं काही तापवतात का?
— एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर: खडक नाही, पण पाइपलाइन तापवतात. राजस्थानात बाडमेरच्या मंगला क्षेत्रातलं तेल मेणचट आहे, निवलं की थिजतं. 2009 मध्ये उत्पादन सुरू झालं. गुजरातच्या किनाऱ्याकडे जाणारी त्याची पाइपलाइन शेकडो किलोमीटर गरम ठेवावी लागते. मुख्य पाइपाला लोखंडी नळी जोडलेली असते, तिच्यात इन्सुलेशन केलेली केबल. केबल पलीकडच्या टोकाला नळीला जोडतात आणि परतीचा करंट नळीच्या आतल्या कातडीतून येतो. नळी तापते, पण बाहेरून हात लावला तरी करंट जवळजवळ नसतो. वरच्या उत्तरातलाच कातडी-परिणाम इथं पाइप गरम ठेवतो.