आईजवळ बसताना

अल्झायमर, म्हणजे स्मृती हळूहळू जाण्याचा आजार झालेल्या आईजवळ दोन तास बसून करायचं काय, असं तुम्ही विचारलंत. सासूबाईंना हाच आजार झाला तेव्हा मीही अशीच गांगरले होते.

आधी "मला ओळखलंस का?" हा प्रश्न बंद करा. ती परीक्षा होते, आणि आपण नापास झालो हे त्यांना कळतं. समोर बसा, हात हातात घ्या, सरळ सांगा, "आई, मी तुझी धाकटी."

नव्या आठवणी साठवायला लागणारा मेंदूतला हिप्पोकॅम्पस या आजारात लवकर खराब होतो. म्हणून सकाळी घेतलेला चहा आठवत नाही, पण माहेरची विहीर आठवते. मग विहिरीवरच बोला की!

हाताला काम द्या. मी सासूबाईंपुढे मेथीची जुडी ठेवायचे. मेथी हा शब्द सापडायचा नाही, पण बोटं झरझर पानं खुडायची. कधी दांडे ताटात आणि पानं केरात जायची. त्या उठल्या की मी गुपचूप उचलायचे.

संध्याकाळी बरेचदा बेचैनी वाढते, "मला घरी जायचंय" सुरू होतं. हेच तुमचं घर, असा वाद मी महिनाभर घातला. फुकट! "जाऊ हं, आधी चहा घेऊ" हे चाललं. अंधारायच्या आधी दिवे लावा, सावल्यांना घाबरतात.

मात्र एक-दोन दिवसांत गोंधळ अचानक वाढला, तर आजारावर ढकलू नका. लघवीचा संसर्गही असू शकतो, लगेच डॉक्टरांना दाखवा.