खाऱ्या पाण्याची पहिली टाकी : माप कोणते घ्यावे?

प्रश्न : आमच्या घरी आठ वर्षांपासून गोड्या पाण्याची मत्स्यटाकी आहे. आता समुद्री मासे पाळावेत असे मनात आहे. दुकानदार म्हणतात, नवख्याने लहान टाकी घ्यावी, म्हणजे खर्च कमी आणि चुकले तरी नुकसान थोडे. चिरंजीवांचा आग्रह सहा फुटी टाकीचा आहे, कारण नातीला निळा टँग मासा हवा आहे. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि टाकीची देखभाल आम्हा दोघांनाच, साठीपुढच्या माणसांना, करायची आहे. कोणते माप योग्य?
– एक वाचक, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : आपण तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकी घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. काठोकाठ भरली तर तिच्यात सुमारे 182 लिटर पाणी मावते. खडक, वाळू आणि वरची मोकळी जागा वजा जाता प्रत्यक्षात 150 लिटर धरावे.

लहान टाकी सोपी असते हा समज गोड्या पाण्याच्या अनुभवातून आलेला आहे आणि खाऱ्या पाण्यात तोच घात करतो. बाष्पीभवनात उडून जाते ते नुसते पाणी. मीठ मागेच राहते, त्यामुळे पातळी जितकी उतरते तितके उरलेले पाणी अधिक खारट होत जाते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. मे महिन्यात पारा चाळिशीपार गेलेला असताना आपल्या कोरड्या हवेत, पाण्यावर पंखा लावला तर दिवसाला एक सेंटीमीटर पाणी उतरणे अशक्य नाही. समजा, आपण लग्नाला म्हणून चार दिवस उज्जैनला गेलात. एक फूट, म्हणजे 30 सेंटीमीटर खोल टाकीत तेवढ्या अवधीत क्षारांचे प्रमाण 35 वरून 40 च्या वर जाईल. दीड फूट खोल टाकीत ते 38 च्या आसपास राहील. चांगले दोन्ही नाही, पण दुसऱ्या टाकीत परत येऊन, एकदम न ओतता थोडेथोडे गोडे पाणी घालून, सावरायला वाव उरतो. म्हणून माप ठरवताना लांबीइतकाच खोलीचाही विचार करावा. उतरलेल्या पाण्याची भरपाई नेहमी गोड्या, क्षारमुक्त पाण्यानेच करावी. माझ्या पहिल्या टाकीत मी तिथे खारेच पाणी ओतत राहिलो आणि दोन आठवड्यांत क्लाउनफिशची जोडी गमावली. त्याची खंत मला आजही आहे, म्हणूनच हे इतक्या विस्ताराने लिहीत आहे.

उष्णतेचेही तसेच आहे. प्रवाळ परिसरातील माशांना 24 ते 27 अंश सेल्सिअस तापमान मानवते. पाणी तापले की त्यातील प्राणवायू घटतो, आणि थोडे पाणी लवकर तापते. दुपारी दोन तास वीज गेली, तर पन्नास लिटरच्या टाकीपेक्षा दीडशे लिटरची टाकी पुष्कळ हळू तापेल. पंखा उन्हाळ्यात चांगला उपयोगी पडतो, मात्र पावसाळी दमट हवेत त्याचा प्रभाव कमी होतो. शक्य असल्यास पहिल्याच वर्षी लहान चिलरची, म्हणजे पाणी थंड ठेवणाऱ्या यंत्राची, तरतूद करावी. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप तर घरात असायलाच हवा.

मग सहा फुटी टाकी अधिक सुरक्षित नाही का? पाण्याच्या दृष्टीने आहे, आपल्या दृष्टीने नाही. दर आठवड्याला दहावा हिस्सा पाणी बदलायचे धरले, तर तीन फुटी टाकीला 15 लिटर, म्हणजे एक बादली आणि सुमारे सव्वापाचशे ग्रॅम समुद्री मीठ पुरते. सहा फूट लांब आणि दोन फूट रुंद-उंच टाकीला त्याच हिशेबाने साठ लिटरच्या आसपास पाणी तयार करून उचलावे लागेल. साठीनंतर दर रविवारी चार बादल्या वाहणे किती दिवस निभेल? तिसऱ्या मजल्यावरील भाराचाही प्रश्न आहे. तीन फुटी टाकी स्टँड-खडकांसह अडीचशे किलोच्या घरात जाते. तीही तुळईवर, भिंतीलगत ठेवावी.

नळाला जलूदहून येणारे नर्मदेचे पाणी पिण्यास चांगले असले, तरी त्यातील क्लोरीन आणि विरघळलेली खनिजे समुद्री टाकीला चालत नाहीत. घरचा आरओही पुरेसा नसतो, कारण चवीसाठी त्यात काही क्षार राखलेले असतात. त्यापुढे डीआय रेझिनचे, म्हणजे उरलेले क्षार शोषून घेणारे, नळकांडे जोडून टीडीएस मीटरवर (पाण्यात विरघळलेले घटक मोजणाऱ्या उपकरणावर) शून्य आल्यावरच मीठ मिसळावे आणि क्षारता रिफ्रॅक्टोमीटर या क्षारमापक उपकरणाने मोजावी.

नातीची समजूत मात्र आपल्याला घालावी लागेल. दुकानात दोन इंचांचा दिसणारा निळा टँग वाढून फूटभर होऊ शकतो आणि तो दिवसभर पोहत असतो. तीन फुटांत त्याला कोंडणे योग्य नाही. त्याऐवजी तिला क्लाउनफिशची जोडी द्यावी. हे मासे आधी सगळे नरच असतात आणि जोडीतला मोठा मासा पुढे मादी होतो, हे तिला स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येईल. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशचे हॅचरीत, म्हणजे माशांच्या पैदास केंद्रात, प्रजनन यशस्वी केले आहे, तेव्हा दुकानदाराकडे हॅचरीतलेच मासे मागावेत. सोबतीला एक फायरफिश आणि एखादी गोबी, एवढ्यावर थांबावे. फायरफिश उडी मारतो, म्हणून जाळीचे झाकण हवेच. टाकी भरल्यावर अमोनियाचे नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करणारे जीवाणू रुजायला चार ते सहा आठवडे लागतात. त्याआधी एकही मासा सोडू नये. कोणी समुद्रातून आणलेले कठीण प्रवाळ किंवा समुद्रघोडा देऊ केला, तर घेऊ नये. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना संरक्षण आहे.

प्रश्न : माझ्याकडे दोन फूट लांब आणि एक फूट रुंद-उंच अशी जुनी टाकी रिकामी आहे. तिच्यातच सुरुवात करू का?
– एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : मुख्य टाकी म्हणून नको, ती 54 लिटरची आणि फक्त फूटभर खोल आहे. पण ती विकू नका. तांब्याचे औषध तिच्यात कधी वापरले नसेल, तर ती स्वच्छ धुऊन नव्या माशांना तीन-चार आठवडे वेगळे ठेवण्यासाठी वापरा, म्हणजे त्यांचा रोग मोठ्या टाकीत शिरणार नाही. मध्यंतरी मासे नसतील, तेव्हा आठवड्याचे खारे पाणी तिच्यातच आदल्या दिवशी कालवून ठेवता येईल.