माझा धाकटा भाऊ अबोल आहे, तरी धंदा करायचा म्हणतो. त्याचा स्वभाव आड येईल का?

नाही येणार. बोलघेवडेपणा उपयोगी पडतो, पण तेवढ्यावर दुकान चालत नाही. झाओ, सायबर्ट आणि लम्पकिन या संशोधकांनी २०१० मध्ये स्वभाव आणि धंदा यांच्या नात्यावरचे बरेच जुने अभ्यास एकत्र तपासले. धंदा काढण्याच्या इराद्याशी मोकळेढाकळेपणा जोडलेला दिसला खरा, पण नवं करून बघण्याची वृत्ती, नेटाने काम करणं आणि स्थिर मनही जोडलेलं होतं. गंमत म्हणजे जोखमीची हौस इराद्याशी जुळते, धंदा चालण्याशी मात्र नाही!

कॉलेजच्या गॅदरिंगमधला भेळेचा स्टॉल आठवा. ओरडून गिऱ्हाईक बोलावणारा सगळ्यांना दिसतो. कुरमुरे किती उरले, उधारी कोणाकडे राहिली हे वहीत टिपणारा मागे उभा असतो. भागीदार निवडायचा तर मी आधी त्यालाच विचारेन. भावाला विक्री जमत नसेल तर बोलका जोडीदार शोधू दे.