निळा पापुद्रा जांभळा का झाला?

प्रश्न : उजेडात जंतू मारणारा पापुद्रा शाळेत करून पाहिला. 1 ग्रॅम बेंटोनाइट (पाण्यात फुगणारी चिकणमाती) 100 मिलिलिटर विहिरीच्या पाण्यात भिजवलं, त्यात मेथिलीन ब्लू या निळ्या रंगाचं 0.1 टक्के द्रावण 100 मिलिलिटर ओतलं, काचेवर वाळवलं. गुठळ्या झाल्या, रंग जांभळा आला आणि यीस्टवर काहीच परिणाम दिसला नाही. कुठे चुकलं?
— विज्ञान शिक्षिका, देवगड

उत्तर : चूक त्या जांभळ्या रंगातच दिसते आहे. मेथिलीन ब्लूचा सुटा रेणू 660 नॅनोमीटरच्या आसपासचा तांबडा उजेड शोषतो आणि ती ऊर्जा ऑक्सिजनला देतो. त्यातून होणारा सिंगलेट ऑक्सिजन, म्हणजे जास्त ऊर्जेचा ऑक्सिजन, जंतूचं आवरण खराब करतो. मातीच्या ऋणभारित, अतिसूक्ष्म पत्र्यांवर हे धनभारित रेणू दाटीने बसले की एकमेकांवर रचले जातात. मग रंग जांभळट होतो आणि ऊर्जा ऑक्सिजनपर्यंत न पोचता उष्णता होऊन विरते.

तुम्ही 100 मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे 0.31 मिलिमोल रंग घातलात. 1 ग्रॅम बेंटोनाइट साधारण 0.9 मिलिमोल धनभार धरतं, म्हणजे त्यातली तिसऱ्या हिश्शाहून जास्त जागा रंगानेच अडवली. जागेच्या 1 टक्का रंग पुरे : तेच द्रावण, फक्त 3 मिलिलिटर. तेही जोरात ढवळत थेंबाथेंबाने घाला. एकदम ओतलं तर आधी भेटलेले पत्रेच सगळा रंग ओढून घेतात.

गुठळ्या क्षारांमुळे होतात. किनाऱ्यालगतच्या विहिरीचं पाणी इथे नकोच, गॅरेजमध्ये बॅटरीसाठी मिळतं ते डिस्टिल्ड वॉटर वापरा. बेंटोनाइट रात्रभर भिजवा, दिवसभर निवळू द्या आणि तळाची रेती सोडून वरचं गढूळ पाणी घ्या. 10 × 10 सेंटिमीटर काचेवर 10 मिलिलिटर पसरून अंधारात पंख्याखाली वाळवा. श्रावणातल्या दमट हवेत दोन दिवसही लागतील, घाई केलीत तर तडे जातात. तरीही जांभळं झालं तर लॅपोनाइट ही कृत्रिम चिकणमाती घ्या. त्याच्यावर भार विरळ असतो. मात्र ते 1 टक्क्याच्या आत ठेवा, नाहीतर जेली होते.

दिवा तांबडा हवा, निळ्या एलईडीचा उपयोग नाही. रंगाशिवाय उजेडात, रंगासह अंधारात आणि रंगासह उजेडात अशा तीन काचा ठेवल्याशिवाय निष्कर्ष काढू नका.

प्रश्न : बेंटोनाइटऐवजी जांभ्याची लाल माती चालेल?
— वाचक, राजापूर

उत्तर : नाही. तिच्यात मुख्यतः केओलिनाइट हे वेगळ्या प्रकारचं मातीचं खनिज आणि लोहाची ऑक्साइडं असतात. केओलिनाइट पाण्यात फुगत नाही, धनभारही फारच थोडा धरतं. शिवाय लोह उजेड गिळतं.

प्रश्न : मासळीच्या बर्फाच्या पेटीला आतून हा थर देता येईल?
— मच्छीमार, हर्णै

उत्तर : देऊ नका. झाकण लावलं की आत अंधार. शिवाय सिंगलेट ऑक्सिजन पाण्यात काही मायक्रोसेकंदच टिकतो, तेवढ्यात मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतकं अंतर जेमतेम कापतो. मासळीचा बुळबुळीत थर त्याहून कितीतरी जाड, म्हणजे वरचे जंतू सुरक्षितच. नुसत्या मातीचा थर पाण्यात सुटतो, म्हणून संशोधक तो पॉलियुरेथेनमध्ये बसवतात. आणि रंग सुटून मासळीला लागणं चालणारच नाही. पेटी घासून, धुऊन, उन्हात उघडी ठेवा.