पीसीआर पॉझिटिव्ह, पण फ्लास्क कोरा

वाचकांचे प्रश्न : पशुविषाणूंचा पदव्युत्तर अभ्यास

प्रश्न : माझा एम.व्ही.एस्सी.चा प्रबंध लम्पी त्वचारोगाच्या विषाणूवर आहे. गायींच्या खपल्यांचे नमुने पीसीआरमध्ये पॉझिटिव्ह येतात. तेच नमुने 0.22 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून एमडीबीके (गायीच्या मूत्रपिंडाच्या) पेशींवर टाकले, तर आठ दिवसांत पेशींवर विषाणूचा काहीच परिणाम दिसत नाही. कुठे चुकतंय? (एक विद्यार्थिनी, शिरवळ)

उत्तर : चूक बहुधा फिल्टरमध्येच आहे. लम्पीचा विषाणू देवीच्या कुळातला, आकाराने मोठा. साधारण 320 × 260 नॅनोमीटर. तुमच्या फिल्टरचं छिद्र 220 नॅनोमीटरचं. जीवाणू अडवायला लावलेल्या गाळणीत विषाणूही अडकून बसतो. गाळायचंच असेल तर 0.45 मायक्रॉनचा फिल्टर वापरा, नाहीतर प्रतिजैविकांवर भिस्त ठेवा.

आता पद्धत पुन्हा पहिल्यापासून करा. खपली किंवा गाठीचा तुकडा निर्जंतुक कात्रीने बारीक करून खलात वाटा. 1 ग्रॅमला 9 मिली फॉस्फेट बफर सलाइन घ्या, त्यात दर मिलीला 1000 युनिट पेनिसिलिन आणि 1 मिलिग्रॅम स्ट्रेप्टोमायसिन. पेशींतला विषाणू मोकळा व्हावा म्हणून मिश्रण तीनदा गोठवून वितळवा. मग 600 जी (गुरुत्वाच्या 600 पट) बलाने 10 मिनिटं सेंट्रिफ्यूज करा, म्हणजे गाळ तळाशी बसेल. वरचा 1 मिली द्रव 25 चौरस सेंमीच्या फ्लास्कमध्ये घाला, 37 अंशांवर एक तास ठेवा, पेशी धुवा आणि ताजं माध्यम घाला. हे धुणं घाईत राहून जातं. खपलीतला गाळ पेशींना विषारी असतो. दुसऱ्याच दिवशी सगळा थर सुटून आला, तर तो विषाणूचा परिणाम समजू नका. शेजारी विषाणू न घातलेला एक फ्लास्क कायम हवा, आणि निगेटिव्ह गायीच्या त्वचेचा अर्क घातलेला आणखी एक असेल तर उत्तम.

लम्पीचा खरा परिणाम सावकाश उमटतो. आधी दोन-चार ठिकाणी पेशी आकसतात, गोल होतात, केंद्रकातलं क्रोमॅटिन कडेला सरकतं. मग चार-सहा दिवसांत हा परिणाम सगळ्या थरावर पसरतो. त्यामुळे आठव्या दिवशी फ्लास्क टाकून देऊ नका, चौदा दिवस रोज पाहा. तरीही काही दिसलं नाही, तर फ्लास्क तीनदा गोठवून-वितळवून त्यातला द्रव नव्या पेशींवर घाला. असे निदान तीन ब्लाइंड पॅसेज झाल्याशिवाय ‘निगेटिव्ह’ लिहू नका.

नमुन्याची तारीखही तपासा. पीसीआरला डीएनए पुरतो, विषाणू जिवंत असो वा मेलेला. पेशींना जिवंतच लागतो. लक्षणं दिसल्यापासून पहिल्या आठवड्यात, जनावराच्या अंगात प्रतिपिंडं तयार होण्याआधी घेतलेला नमुना पेशींवर विषाणू वाढवून वेगळा करण्यासाठी सर्वांत भरवशाचा. रक्त घेणार असाल तर पीसीआरसाठी ईडीटीएची नळी घ्या; हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं दुसरं द्रव्य) पीसीआरच्या आड येतं.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण परीक्षक विचारतील. लम्पीच्या साथीत आपल्याकडे गायींना शेळ्यांच्या देवीची लस टोचली गेली. कॅप्रीपॉक्स गटासाठी सरसकट वापरतात ते प्राइमर (पीसीआरमध्ये विषाणूचा डीएनए हेरणारे छोटे तुकडे) गायीचा, मेंढीचा आणि शेळीचा असे तिन्ही विषाणू पकडतात. तेव्हा लसीकरणाची तारीख नोंदवा, आणि आरपीओ30 किंवा जीपीसीआर जनुकाचं सिक्वेन्सिंग करून विषाणू लम्पीचाच आहे हे दाखवा.

प्रश्न : बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजी झालं आहे. प्राण्यांच्या विषाणूंवर पुढे शिकता येईल का? (एक वाचक, लातूर)

उत्तर : येईल, पण एम.व्ही.एस्सी. नाही, त्याला बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. ही पदवीच लागते. तुमच्यासाठी जवळची वाट म्हणजे पुण्यातल्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत पुणे विद्यापीठाचा एम.एस्सी. व्हायरॉलॉजी. तिथला भर माणसांच्या आजारांवर असला, तरी क्यासानूर जंगल ताप किंवा निपाह समजून घेताना माकड, गोचीड आणि वटवाघूळ यांच्याकडे जावंच लागतं. पशुवैद्यक पदवीधरांनी नागपूरच्या माफसूबरोबर (महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ) आयसीएआरच्या (भारतीय कृषी संशोधन परिषद) प्रवेश परीक्षेतून बरेलीजवळच्या इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेचाही विचार करावा. ही संस्था 1889मध्ये पुण्यातच सुरू झाली, 1893मध्ये मुक्तेश्वरला गेली. जागतिक पातळीवर 2011मध्ये संपलेल्या बुळकांडीविरुद्धच्या (गुरांचा जीवघेणा साथरोग) भारतातल्या कामाची पायाभरणी तिथली.

विषय निवडताना आधी प्रयोगशाळा पाहा. लाळ्या-खुरकुताचा जिवंत विषाणू उच्च जैवसुरक्षेच्या प्रयोगशाळेतच हाताळतात. ती सोय नसेल तर तो विषय सीरम तपासणीपुरता, म्हणजे रक्तातली प्रतिपिंडं शोधण्यापुरता ठेवा. अर्ध्या वाटेत आराखडा बदलणं दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात परवडत नाही.

प्रश्न : आमच्या सगळ्या फ्लास्कमध्ये, अगदी विषाणू न घातलेल्या पेशींतही, बोवाइन व्हायरल डायरिया विषाणूचा आरएनए सापडतो. पेशी मात्र दिसायला निरोगी आहेत. (संशोधन सहायक, परभणी)

उत्तर : पेशी वाढवायला माध्यमात घालतात त्या वासराच्या सीरमवर संशय घ्या. हा विषाणू गाभण गायीतून गर्भात जातो, आणि अशा गर्भाचं रक्त सीरमच्या बाटलीत येतं. त्याचे बरेचसे प्रकार पेशी मारत नाहीत, म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली कळत नाही. एमडीबीके तर गायीच्याच मूत्रपिंडाच्या पेशी, त्यांत तो खुशाल पिढ्यान्‌पिढ्या राहतो.

56 अंशांवर अर्धा तास तापवल्याने सीरम निर्धोक झालं असं मानू नका. गॅमा किरणांनी प्रक्रिया केलेलं, तपासणीचा दाखला असलेलं सीरम मागवा किंवा घोड्याचं सीरम वापरून पाहा. बाधित पेशी ‘स्वच्छ’ करण्यात महिने घालवू नका. ऑटोक्लेव्ह करून टाका, खात्रीच्या साठ्यातून नवी कुपी वितळवा, आणि पहिल्या दोन-तीन पॅसेजनंतर आरटी-पीसीआर करा. त्याच दिवशी मायकोप्लाझ्माही (एक अतिसूक्ष्म जीवाणू) तपासा; तोही पेशींत असाच गुपचूप राहतो. आधीच्या फ्लास्कमधून मिळवलेले विषाणूसाठे मात्र तपासल्याशिवाय नव्या पेशींवर घालू नका.